ताप गेला, गाठ राहिली

जून संपत आला की वसई-विरारमधल्या सरकारी दवाखान्यांत तापाच्या पेशंटची रांग लागते, ती दिवाळीपर्यंत हटत नाही. डेंगी, मलेरिया, लेप्टो यांच्या तपासण्या होतात आणि सगळं निगेटिव्ह आलं की उरतो तो व्हायरल. हा शब्द आता इतका रुळला आहे की पेशंट बाकावर बसायच्या आधीच स्वतःचं निदान सांगून मोकळा होतो. बहुतेक वेळा त्याचं बरोबरही असतं.

वीसेक वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आईबरोबर आला होता. बारावी नुकतीच झालेली. दहा दिवसांचा ताप, घसा लाल, टॉन्सिल सुजलेले, मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी. बाहेरच्या लॅबमधून रक्त तपासून आणलं होतं. त्यात एपस्टाईन-बार नावाच्या विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांपुढे पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं. सगळं कसं जुळत होतं. विषाणूचा ताप आहे, गाठी हळूहळू बसतील, असं मी त्याच्या आईला सांगितलं आणि केसपेपर मिटला.

ताप गेला. घसाही बरा झाला. गळ्याच्या हाडाच्या वर, डाव्या बाजूला एक गाठ तेवढी राहिली. ती दुखत नव्हती, म्हणून घरात कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. चार महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याची पँट पट्ट्याने आवळून धरलेली होती, रात्री घामाने उशी भिजत होती आणि छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या मधली जागा रुंदावलेली दिसत होती. गाठ काढून तपासली. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा एक कर्करोग.

रक्ताचा रिपोर्ट खोटा नव्हता. विषाणू त्याच्या शरीरात शिरलेला होता, यात शंका नाही. चूक माझी होती आणि ती अशी, की तापाचं उत्तर मिळालं तेच मी गाठीलाही लावून टाकलं. गाठ बसली की नाही हे पाहायला परत कधी यायचं, याची तारीखसुद्धा दिली नाही. त्यानंतर मी डॉ. थॉमस हॉजकिन यांचं चरित्र शोधून वाचलं. एमबीबीएसला असताना त्यांचं नाव फक्त परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. वाचल्यावर कळलं, की गाठीकडे स्वतंत्रपणे पाहायला या माणसाने १८३२ सालीच शिकवून ठेवलं होतं.

हॉजकिन यांचा जन्म १७ ऑगस्ट १७९८ रोजी लंडनमधल्या पेन्टनव्हिल भागात झाला. वडील घरोघरच्या मुलांना शिकवत. घर क्वेकर पंथाचं. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातलाच एक साधा पंथ. पुरोहित नाही, शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचं नाही, कपडे साधे आणि लहानथोर सगळ्यांना एकच संबोधन. हा साधेपणा हॉजकिन यांनी आयुष्यभर सांभाळला. त्याची किंमतही मोजली. त्या काळी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची पदवी इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे नियम मान्य करणाऱ्यांनाच मिळे. क्वेकरांना ती दारं बंद होती. म्हणून हॉजकिन यांनी आधी ब्रायटन गावात औषधविक्रेत्याकडे उमेदवारी केली, मग लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये विद्यार्थी म्हणून फिरले आणि पुढच्या शिक्षणासाठी स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला गेले.

मध्ये एक वर्ष ते पॅरिसला राहिले. तिथे डॉ. लाएनेक यांनी काही वर्षांपूर्वीच स्टेथोस्कोप शोधून काढला होता. लाकडाची एक नळी, छातीला लावून ऐकायची. हॉजकिन यांनी ती विद्या थेट लाएनेक यांच्याकडून घेतली आणि १८२२ साली गाय्जमधल्या डॉक्टरांपुढे ते उपकरण मांडलं. जुन्या मंडळींना त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. १८२३ मध्ये त्यांनी एडिंबरोची एम.डी. मिळवली. प्रबंधाचा विषय होता शरीरातली शोषणाची क्रिया. लसिका ग्रंथींना त्या काळी शोषक ग्रंथी म्हणत. म्हणजे ज्या ग्रंथींमुळे पुढे त्यांचं नाव अमर झालं, त्यांच्याशी ओळख विद्यार्थिदशेतच झाली होती.

गाय्ज हॉस्पिटलने १८२५ मध्ये स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं आणि हॉजकिन यांना तिथे शवविच्छेदन आणि संग्रहालय हे काम मिळालं. पेशंट वॉर्डात गेला की त्याचं मृत शरीर खाली हॉजकिन यांच्याकडे येई. आजाराने आत काय केलं हे ते उघडून पाहत, लिहून ठेवत आणि महत्त्वाचा भाग बरणीत जपून ठेवत. दिसायला हे काम दुय्यम. वरच्या वॉर्डात नाव कमावणारे रिचर्ड ब्राइट आणि थॉमस ॲडिसन यांच्यासारखे डॉक्टर होते. त्या दोघांचीही नावं पुढे आजारांना मिळाली. पण जिवंतपणी केलेलं निदान बरोबर होतं की चूक, याचा निकाल हॉजकिन यांच्या टेबलावर लागत असे. चार-पाच वर्षांत त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि १८२९ मध्ये त्याची यादी छापून प्रसिद्ध केली.

याच काळातलं त्यांचं आणखी एक काम सांगायला हवं. जोसेफ जॅक्सन लिस्टर हे वाइनचे व्यापारी, फावल्या वेळात सूक्ष्मदर्शकाची भिंगं सुधारत. शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरायला शिकवणाऱ्या प्रसिद्ध लिस्टर यांचे हे वडील. त्यांच्या सुधारलेल्या सूक्ष्मदर्शकातून हॉजकिन आणि ते दोघे मिळून रक्त पाहू लागले आणि १८२७ मध्ये त्यांनी लाल पेशींचा खरा आकार सांगितला. दोन्ही बाजूंनी किंचित खोलगट चकती. आज शाळेच्या पुस्तकात जे चित्र असतं ते हेच.

आता गाठींकडे येऊ. आपल्या भाषेत गाठींना जुने शब्द आहेत. पायाला काटा लागून पिकला की जांघेत जी गाठ येते ती अवधाण. मानेवर एकीला एक लागून गाठींची माळ झाली की गंडमाळ, म्हणजे आजच्या भाषेत क्षयाच्या गाठी. पहिल्यात गाठ ही दुसऱ्याच कुठल्या जखमेची खूण असते. दुसरीत क्षयाचा जंतू गाठीत जाऊन बसलेला असतो. हॉजकिन यांच्या काळच्या इंग्रज डॉक्टरांचंही याहून वेगळं नव्हतं. गाठ सुजली म्हणजे जवळपास कुठेतरी दाह आहे, नाहीतर ती क्षयासारख्या आजाराची आहे, एवढीच दोन खाती होती.

हॉजकिन यांच्या टेबलावर मात्र अशी काही शरीरं आली जी या दोन्ही खात्यांत बसेनात. पहिला होता नऊएक वर्षांचा मुलगा. मानेत, पोटात मोठमोठ्या गाठी. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली. या गाठींमध्ये पू नव्हता. क्षयाच्या गाठीत दह्याच्या चोथ्यासारखा जो भाग सापडतो तो नव्हता. जवळपास दाह म्हणावा अशी जागाही नव्हती. असे एकूण सात पेशंट त्यांनी एकत्र मांडले. त्यांतला एक त्यांचा स्वतःचा नव्हता. रॉबर्ट कार्सवेल या डॉक्टर-चित्रकाराने काढलेल्या चित्रांवरून तो घेतला होता. या सातांवरचा निबंध जानेवारी १८३२ मध्ये लंडनच्या वैद्यकीय संस्थेत वाचला गेला. हॉजकिन संस्थेचे सभासद नव्हते, म्हणून तो सचिवांनी वाचला.

निबंधाचा मुद्दा साधा होता. काही गाठी दुसऱ्या आजाराची खूण म्हणून येत नाहीत. तिथे आजार गाठीतच सुरू होतो, एका ग्रंथीतून शेजारच्या ग्रंथींकडे जातो आणि पुढे पानथरीपर्यंत पोचतो. म्हणजे अवधाण आणि गंडमाळ या दोन खात्यांशेजारी त्यांनी तिसरं खातं उघडलं. विशेष म्हणजे सूक्ष्मदर्शक हाताशी असूनही या कामात त्यांनी तो वापरला नव्हता. डोळ्यांनी पाहिलेलं, बोटांनी चाचपलेलं आणि पेशंट जिवंत असताना लिहिलेली हकिगत, एवढ्यावर त्यांनी हे ओळखलं.

निबंध छापला गेला आणि विसरला गेला. तेहतीस वर्षं. त्याच गाय्ज हॉस्पिटलमधले सॅम्युएल विल्क्स यांनी १८५६ मध्ये तशाच गाठींवर लिहिलं तेव्हा आपण काहीतरी नवीन शोधलं असं त्यांना वाटलं होतं. मग हॉजकिन यांचा जुना निबंध त्यांच्या पाहण्यात आला. विल्क्स यांनी सरळ मनाने श्रेय ज्याचं त्याला दिलं आणि १८६५ मध्ये या आजाराला हॉजकिनचा आजार म्हटलं. दुसऱ्याच्या शोधावर आपली पाटी न लावणारे विल्क्ससुद्धा लक्षात ठेवावेत असे.

तोपर्यंत हॉजकिन यांना गाय्ज सोडून बरीच वर्षं झाली होती. त्याची हकिगत पालघर जिल्ह्यात नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्याला जवळची वाटते. विद्यार्थी असल्यापासून हॉजकिन यांना एका प्रश्नाने अस्वस्थ केलं होतं. गोरे व्यापारी आणि वसाहतवाले जिथे जातात तिथले मूळ रहिवासी जमीन, आरोग्य आणि शेवटी जीव गमावतात. ते यावर लिहीत, बोलत, पत्रं पाठवत. उत्तर अमेरिकेत फरचा व्यापार करणारी हडसन्स बे कंपनी तिथल्या आदिवासींशी कशी वागते यावरही त्यांनी टीका केली. अडचण अशी की गाय्ज हॉस्पिटलचे सर्वेसर्वा, खजिनदार बेंजामिन हॅरिसन, हे त्या कंपनीच्या कारभारातही होते.

१८३७ मध्ये गाय्जमध्ये सहायक डॉक्टरची जागा रिकामी झाली. कामाच्या हिशेबाने ती हॉजकिन यांची होती. हॅरिसन यांनी ती दुसऱ्याला दिली. हॉजकिन यांनी राजीनामा दिला आणि त्या संग्रहालयावर आणि शवविच्छेदनाच्या टेबलावर पुन्हा त्यांचं काम झालं नाही. त्यांच्या संशोधनाला तिथेच खीळ बसली. आदल्याच वर्षी लंडनच्या फिजिशियन मंडळींच्या कॉलेजने देऊ केलेली फेलोशिप त्यांनी नाकारली होती, कारण तो मान काही मोजक्यांनाच वाटून देण्याची पद्धत त्यांना अन्यायाची वाटे. अशा माणसाला बढती मिळणं त्या काळात कठीण होतं. आजही फार सोपं झालेलं नाही.

त्याच वर्षी मूळ रहिवाशांच्या रक्षणासाठी लंडनमध्ये एक संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांमध्ये हॉजकिन होते आणि पुढे हेच त्यांचं मुख्य काम झालं. प्रॅक्टिस करत, पण फी मागायला त्यांना संकोच वाटे. गरिबांकडून ते पैसे घेत नसत. याच्या थोडं आधी कामगारांसाठी त्यांनी आरोग्यावर व्याख्यानं दिली होती आणि ती १८३५ मध्ये पुस्तकरूपाने आली. स्वच्छ हवा, अंघोळ, साधं अन्न, व्यायाम, दारू आणि तंबाखूपासून दूर राहणं असे विषय. आज वर्तमानपत्रात आरोग्याचं सदर लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांचे ते एक पूर्वज म्हणायला हरकत नाही.

खासगी आयुष्यात त्यांच्या वाट्याला एक मोठी निराशा आली. त्यांचं आपल्या नात्यातल्या सारा गॉडली यांच्यावर मन जडलं होतं. क्वेकर पंथात सख्ख्या भावंडांच्या मुलांमधल्या लग्नाला बंदी होती. नियम बदलावा म्हणून हॉजकिन यांनी पंथापुढे अर्ज-विनंत्या केल्या. नियम बदलला नाही. १८५० मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी सारा फ्रान्सिस स्केफ या विधवा बाईंशी लग्न केलं.

तरुणपणी पॅरिसच्या दिवसांत ते अब्राहम माँटेफिओरे या श्रीमंत ज्यू गृहस्थाचे खासगी डॉक्टर होते. क्षयाने आजारी असलेले अब्राहम लवकरच वारले, पण त्यांचे बंधू सर मोझेस माँटेफिओरे यांच्याशी हॉजकिन यांची मैत्री जुळली ती कायमची. ज्यू समाज कुठे संकटात सापडला की सर मोझेस मदतीला धावत आणि त्यांच्याबरोबर डॉक्टर म्हणून, मित्र म्हणून हॉजकिन जात. १८६६ मध्ये दोघे पॅलेस्टाईनला निघाले. वाटेत जाफा बंदरात हॉजकिन यांना रक्ती आव झाली आणि ४ एप्रिलला तिथेच त्यांचा अंत झाला. मित्राने त्यांच्या कबरीवर दगडी स्तंभ उभारला. आजाराला आपलं नाव मिळून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

चरित्र इथे संपतं, पण हॉजकिन यांनी विचारलेला प्रश्न संपला नाही. गाठ संसर्गाची की स्वतःचीच? पुढची शंभरेक वर्षं यावर वाद चालला. १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी या गाठींमधल्या मोठ्या, विचित्र पेशींचं सविस्तर वर्णन केलं. पण त्यांच्या अनेक पेशंटना क्षयही होता, म्हणून हा क्षयाचाच एक प्रकार असावा असं त्यांनी ठरवलं. १९०२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करणाऱ्या डॉ. डोरोथी रीड या तरुण बाईंनी त्याच पेशी पुन्हा पाहिल्या, त्यांची नेमकी चित्रं दिली आणि हा क्षय नव्हे, हे दाखवून दिलं. एका पेशीत दोन मोठी केंद्रकं, जणू घुबडाचे दोन डोळे. आजही आम्ही बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये याच रीड-स्टर्नबर्ग पेशी शोधतो. बाई असल्याने तिथे पुढे जागा मिळणार नाही हे दिसताच रीड यांनीही ते काम सोडलं. हॉजकिन यांच्यासारखंच.

आणि त्या बरण्या? गाय्जच्या संग्रहालयात त्या टिकून होत्या. १९२६ मध्ये त्यांतल्या काही तुकड्यांच्या स्लाइड बनवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या गेल्या. सगळे नाही, पण काही पेशंट खरोखर त्याच आजाराचे निघाले. नुसत्या डोळ्यांनी केलेलं निदान जवळजवळ शंभर वर्षांनी पडताळून पाहता आलं, कारण कुणीतरी गाठ काढून जपून ठेवली होती.

यानंतर गोष्टीला असं वळण लागलं, ज्याची कल्पना हॉजकिन यांना येणं शक्यच नव्हतं. युगांडात काम करणारे सर्जन डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये लहान मुलांच्या जबड्यांत होणाऱ्या एका लिम्फोमाचं वर्णन केलं. त्या गाठींच्या पेशींमध्ये अँथनी एपस्टाईन आणि त्यांचे सहकारी अचाँग आणि बार यांना १९६४ मध्ये एक नवा विषाणू दिसला. तोच एपस्टाईन-बार विषाणू. तीन वर्षांनी फिलाडेल्फियात हेन्ले दांपत्याच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ मुलीला ताप आला, घसा धरला, मानेत गाठी आल्या. आधी तिच्या रक्तात या विषाणूच्या प्रतिपिंडांचा पत्ता नव्हता, तापानंतर ती सापडली. गाठींचा ताप, म्हणजे ग्लँड्युलर फीव्हर, हा याच विषाणूमुळे येतो हे असं कळलं. १९८० च्या दशकात हॉजकिन लिम्फोमाच्या अनेक पेशंटच्या रीड-स्टर्नबर्ग पेशींतसुद्धा याच विषाणूची जनुकं सापडली. भारतासारख्या देशांत, त्यातही लहान मुलांमध्ये, असे पेशंट पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतात.

म्हणजे विषाणू आणि लिम्फोमा ही दोन वेगळी टोकं नाहीत. एकच विषाणू साधा तापही आणतो आणि क्वचित गाठीच्या कर्करोगात भागीदारही असतो. इथे घाबरून जायचं कारण नाही. जगातल्या दहापैकी नऊहून अधिक प्रौढ माणसांना हा विषाणू कधी ना कधी होऊन गेलेला असतो, बहुतेकांना लहानपणी, नकळत. ग्लँड्युलर फीव्हर झालेल्यांमध्येही पुढे हॉजकिन लिम्फोमा होण्याचं प्रमाण हजारात एखादा इतकंच सांगितलं जातं. पण म्हणूनच रक्ताच्या रिपोर्टमधल्या पॉझिटिव्ह या एका शब्दावर गाठीचा निकाल लावता येत नाही. जुन्या लागणीची प्रतिपिंडं जन्मभर रक्तात राहतात. ती बहुतेक सगळ्यांकडे असतात. माझ्या त्या मुलाकडेही होती.

मग गाठ आली तर करायचं काय? पहिली गोष्ट, बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. विषाणूच्या तापातल्या गाठी सहसा दोन्ही बाजूंना येतात, दाबल्यावर दुखतात आणि काही आठवड्यांत लहान होत जातात. लहान मुलांच्या मानेत शेंगदाण्याएवढ्या हलणाऱ्या गाठी तर नेहमीच सापडतात. काळजी करायची ती वेगळ्या गाठींची. चार ते सहा आठवडे झाले तरी न बसणारी किंवा वाढत जाणारी. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी. रबरासारखी घट्ट आणि न दुखणारी. आणि विशेष करून गळ्याच्या हाडाच्या वरची. सोबत कारण नसताना येणारा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन कमी होणं किंवा अंगभर खाज असेल तर थांबायचंच नाही. न दुखणारी गाठ चांगली हा समज घराघरांत आहे. या बाबतीत तो उलटा आहे.

दुसरी गोष्ट, गाठीचं नाव ठरण्याआधी औषधांची घाई नको. गाठ बसावी म्हणून काही ठिकाणी स्टेरॉइड दिलं जातं. लिम्फोमाची गाठ त्याने खरंच लहान होते, पेशंटला बरं वाटतं आणि नंतर केलेल्या बायोप्सीत काही कळेनासं होतं. तसंच क्षयाचं. आपल्या भागात मानेतल्या जुन्या गाठीमागे क्षय असणं अगदी साहजिक आहे. पण त्यासाठी गाठीतलं पाणी सुईने काढून सीबीनॅटसारखी तपासणी करता येते. पुरावा न घेता एकेटी सुरू करून महिनोन्महिने वाट पाहणं, हे स्टर्नबर्ग यांची चूक पुन्हा करण्यासारखं आहे. क्षयाची औषधं सुरू असतानाही गाठ वाढत राहिली तर परत तपासायला हवी, कारण दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात.

तिसरी गोष्ट, सुई तपासणी ही सुरुवात आहे. तिचा रिपोर्ट स्वच्छ आला म्हणून लिम्फोमा नाही असं म्हणता येत नाही. रीड-स्टर्नबर्ग पेशी गाठीत थोड्याच असतात, सुईत येतीलच असं नाही. शक्य असेल तेव्हा पूर्ण गाठ काढून तपासणं सगळ्यात चांगलं. बायोप्सी केल्याने कर्करोग पसरतो ही भीती सोडून द्यावी. उलट बाजूनेही फसगत होते. ऐन विषाणूच्या तापात काढलेल्या गाठीत रीड-स्टर्नबर्गसारख्या दिसणाऱ्या पेशी सापडतात आणि साधा ताप कर्करोग वाटू शकतो. म्हणून पॅथॉलॉजिस्टला तापाची तारीख, रक्ताचे रिपोर्ट, घेतलेली औषधं सगळं सांगावं. ते पेशींना खास रंग देऊन, त्यांच्यावरच्या खुणा तपासून निर्णय देतात. ही परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बसवली.

हॉजकिन यांच्या सातही पेशंटना त्या काळात काही उपाय नव्हता. आज आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत चार औषधं एकत्र देऊन हा आजार बरा करता येतो हे सिद्ध झालं. आता लवकरच्या टप्प्यात सापडलेल्या आणि उपचार पूर्ण करणाऱ्या दहा पेशंटपैकी नऊच्या आसपास बरे होतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. विरारहून परळ लोकलने दीड-दोन तासांवर आहे. अडतं ते निदान होण्याआधीच्या महिन्यांत. डोंगराकडच्या पाड्यांवरून येणारा पेशंट एक रोजंदारी बुडवून एकदाच येतो. त्याला पुन्हा येऊन दाखव, एवढं मोघम सांगितलं तर तो येत नाही. ज्या लोकांसाठी हॉजकिन यांनी नोकरी सोडली, त्यांच्यासारखेच हे लोक.

तो बारावीचा मुलगा वाचला. चार महिन्यांचा उशीर झाल्याने त्याचे उपचार जास्त काळ चालले आणि त्याने ते जास्त सोसले. आता तो नोकरी करतो, सकाळच्या विरार लोकलमध्ये कधीतरी दिसतो. त्याच्या गळ्याशी शस्त्रक्रियेचा लहानसा व्रण आहे. त्याने मला कधी दोष दिला नाही.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. तापाच्या पेशंटला गाठ सापडली की केसपेपरवर तिची जागा आणि माप लिहायचं आणि चार आठवड्यांनंतरची तारीख लिहून तिच्याभोवती गोल करायचा. ताप गेला तरी या तारखेला यायचं, गाठ बसली असली तरी दाखवायला यायचं, हे पेशंटबरोबर आलेल्या माणसालाही सांगायचं. तुमच्या घरात कुणाला अशी गाठ असेल आणि डॉक्टरांनी तारीख दिली नसेल, तर ती तुम्ही मागून घ्या.